शून्यावरची घूंघूं

"आवाजाचं बटण शून्यावर आणा," मेकॅनिककाका म्हणाले.

मुलीने आणले. तरी व्हॉल्व्हच्या त्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधली घूंघूं तशीच. काकांची नजर मीटरच्या काट्यावर.

"म्हणजे माइकचा दोष नाही. खोट विजेच्या बाजूला आहे."

आधीच्या दोघा दुरुस्तीवाल्यांनी, डबा भंगारात काढा म्हणत हात वर केले होते. मुलीचे वडील ऐकेनात. चाळीस वर्षे त्यांनी देवाच्या गोष्टी गात गात सांगितल्या, त्या याच्यावरच. आजारपणानंतर त्यांचा आवाज सुतासारखा बारीक झाला होता आणि ही घूंघूं तोही गिळून टाकी. उद्या सभेत गायला बसायचे की कायमचे थांबायचे, ते आज इथेच ठरणार होते. वडील स्टुलावर अंग चोरून बसले होते.

मुलीने डब्याचे दुखणे सांगितले तेव्हा काका तिच्या तोंडाकडे टक लावून होते. इतके मन लावून ऐकणारा माणूस तिने पाहिला नव्हता. शेजारी पत्रेवाल्याच्या हातोड्यांनी तिचे डोके उठले. काकांची पापणी लवत नव्हती. काय ही एकाग्रता, तिला वाटले. देवळातसुद्धा आपल्याला जमत नाही.

काकांनी वीज तोडली, आत साठलेलीही जपून उतरवली आणि एकेक वायर हलवून पाहिली. एका नव्या कपॅसिटरपाशी त्यांचा हात थांबला.

"मागच्याने हा बदलला, बरं केलं. पण अर्थिंगची वायर डब्याच्या रंगावरच आवळलीय. रंगातून वीज जाते होय?"

त्यांनी चाकूने रंग खरवडला, स्क्रू पिळला. वीज पुन्हा जोडली. व्हॉल्व्हच्या काचनळ्या हळूहळू नारिंगी उजळल्या. काटा खाली येऊन निजला. घूंघूं नाहीच.

मुलीने आवाजाचे बटण वाढवले. वडिलांनी माइक घेतला, डोळे मिटले, एक ओळ गायली. बारीक, पण एकेक अक्षर धुतल्यासारखे.

मग त्यांनी पाठमोऱ्या काकांना भीत भीत विचारले, "कसा वाटला आवाज? खरं सांगा."

काका वायर गुंडाळत राहिले.

वडिलांचा चेहरा उतरला. माइक खाली ठेवत ते म्हणाले, "कळलं. चल बाळ, घरी."

काका वळले. दोघांचे चेहरे पाहून गोंधळले. काही विचारलंत का, म्हणाले. मुलीने वडिलांचा प्रश्न परत सांगितला.

"घूंघूं गेली, ते काट्याने सांगितलं," काका वडिलांना म्हणाले. "आवाज कसा आहे, ते तुमच्या लेकीच्या डोळ्यांतलं पाणी सांगतंय. मला विचारू नका, दादा. माझे कान जाऊन अकरा वर्षं झाली."