खात्रीलायक माहितगार

शिंपीणबाईंनी पुस्तक टेबलावर असं आपटलं, की प्राध्यापकांचा चष्मा चहात पडायचा राहिला.

"पान एकशे बारा. वाचा मोठ्यानं."

प्राध्यापक निवृत्त होते, तरी तोंडी परीक्षेला बसल्यासारखे वाचू लागले. "'या समाजात नवरा वारल्यावर बायको वर्षाच्या आत घर धाकट्या दिराला सोडून देते. तशी परंपराच आहे.'"

"कुणाची परंपरा? माझी आजी, आई, मावशी, सगळ्या नवऱ्यामागं आपापल्या घरातच राहिल्या, तिथंच मेल्या! आणि दिराचा वकील हे पुस्तक कोर्टात नाचवतोय. उद्या शेवटची तारीख. पंचवीस वर्षं मशीन चालवून उभं केलेलं घर आहे ते. या वयात कात्री घेऊन रस्त्यावर बसू?"

"खाली टीप आहे," प्राध्यापक पुटपुटले. "खात्रीलायक माहितगाराकडून."

"खात्रीलायक!" बाई कडवट हसल्या.

प्राध्यापकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पुढच्याच क्षणी बाईंना उचकी लागली. हसल्या की लागायचीच, लहानपणापासून. पेला रिकामा करून त्या पुन्हा कडाडल्या, "कोण हा माहितगार? माझा दीरच ना?"

"नाव सांगता येत नाही. शब्द दिलाय. मानववंशशास्त्रात हे फार..."

"चुलीत घाला तुमचं शास्त्र! चाळीस वर्षांपूर्वी वस्तीत आलात, चार दिवस पोरासोरांना गोळ्या वाटल्यात, आणि आमच्या चालीरीती आम्हालाच शिकवता? कुणीतरी थाप मारली आणि तुम्ही ती छापलीत!"

"बोलणं फार ठाम होतं हो. टेप आहे माझ्याकडे."

"मग लावा!"

"माहितगाराच्या परवानगीशिवाय..."

"मी देते परवानगी! ज्यानं माझ्या घरावर नांगर फिरवला, त्याचा आवाज भर कोर्टात वाजू दे. जीभ झडो मेल्याची!"

प्राध्यापकांनी खणातून छापील संमतीपत्र काढलं. "लेखी द्याल?"

बाईंनी कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. प्राध्यापकांनी ती नीट वाचली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि कॅसेट लावली.

आधी नुसती खरखर. मग एका तरुण पोरीचा ठसकेबाज आवाज: "हो तर! नवरा गेला की घर दिराला. आमच्यात तसंच असतं."

मागून दुसरी कुजबुजली, "अगं, खरंच लिहून घेतोय तो बावळट!"

पहिली खदखदून हसली.

आणि तिला उचकी लागली.