दुप्पट वेग

दुपारी बाळ झोपल्यावर शलाकाने स्वतःच्या गिटारवादनाचा व्हिडिओ मोबाइलवर दुप्पट वेगाचा केला आणि शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकून दिला. महिनाभर तीच चार कॉर्ड्स, तेच अडखळणं. तिला लाज वाटायला लागली होती.

"अगं, काय सुटलीयस!" "ताई, आता पार्टी हवी!" टाळ्याच टाळ्या. क्षणभर तिलाही ते खरं वाटलं.

मग दबीरकाकांचा मेसेज आला. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गिटार हातात धरलेली. ग्रुपमध्ये सगळ्यात हळू तेच वाजवायचे, आणि तिच्या प्रत्येक चुकीखाली "होईल गं, घाई नको" असं न चुकता लिहायचे. "शाब्बास पोरी! आपण दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली होती ना? माझी गिटार आता पुतणीला देऊन टाकतो. या बोटांना काही जमायचं नाही."

शलाकाचे कान तापले. झोपलेल्या बाळाकडे बघायचीही तिला चोरी झाली. तिने मूळ व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "काका, मघाचा खोटा होता. मीच तो दुप्पट वेगाने पळवला होता. माझं खरं वाजवणं हे असं आहे."

फोन पालथा ठेवून ती मान खाली घालून बसली.

बऱ्याच वेळाने काकांचा व्हॉइस मेसेज आला, आधी खाकरून, मग हळूच :

"पोरी, या व्हिडिओबरोबर मला वाजवता येतंय गं. एकदा वाजवून झालं. पुन्हा लावतोय."