पात्यावरचं नाव

“नाव? मला नाव नकोय, बाई. मला माझं पातं परत हवंय!”

पंखेवाल्याने फोन वकीलबाईंच्या टेबलावर आपटला. बाईंनी परवा पाठवलेला मेल त्याने आज सकाळी वाचला होता. ‘कंपनीने प्रत्येक पंख्यावर तुमचं नाव कोरलं, तर आपण दावा मागे घेऊ. ही आपली शेवटची तडजोड. कुणाला सांगू नका.’ असं तो जन्मात कधी म्हणाला नव्हता. उमेदीची वर्षं खर्चून त्याने ते वाकडं पातं घडवलं होतं. वीज कमी, वारा जास्त आणि आवाज जवळजवळ नाहीच. कंपनीने ते नमुना म्हणून नेलं आणि आपलंच म्हणून आपल्या सगळ्या पंख्यांना लावून टाकलं.

आता त्याच पंख्यांच्या वाऱ्यात कंपनीची यंत्रं थंड होत होती आणि त्या यंत्रांत गावभरचे मेल साठत होते. शाळा, दवाखाने, पेढ्या, कुणीच हल्ली आपला मेल आपण सांभाळत नव्हतं. सगळ्यांनी तो कंपनीच्या हवाली केला होता. वकीलबाईंनीसुद्धा. त्यांच्या कपाटातलं जुनं मेलचं यंत्र येता-जाता रुसायचं, म्हणून त्यांनी ते केव्हाच मोडीत काढलं होतं.

हे आठवलं आणि पंखेवाल्याने कपाळावर हात मारला.

“अहो, तुमचा मेल तर त्यांच्याच घरात असतो! आपली शेवटची तडजोड तुम्ही चोराच्या उशाशी नेऊन ठेवलीत?”

“चहा घेणार?” बाईंनी विचारलं.

त्याचा अगदी तिळपापड झाला. मागच्या दोन्ही बैठकांत कंपनीची माणसं प्रश्नाआधी उत्तर घेऊन बसली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, मोठ्या कंपनीची माणसं, हुशार असायचीच. आज तर बाईंनी त्यांना आयतंच ताट वाढून दिलं होतं.

“काका, माझ्यावर भरवसा आहे ना?”

“काल रात्रीपर्यंत होता.”

“मग आज संध्याकाळपर्यंत उसना द्या. दुपारी कंपनीतल्या बैठकीत मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. राग मात्र आहे तसाच राहू द्या. तुमच्या चेहऱ्यावर काही लपत नाही, आणि मला तो खराच हवाय.”

दुपारी दोघं कंपनीत पोचले. बैठकीच्या खोलीकडे जाताना काचेपलीकडे यंत्रांच्या रांगा दिसत होत्या. पंखेवाला क्षणभर थांबला. पंखे फिरत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. आपलं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात खेळताना दिसावं तसं त्याला झालं.

कंपनीचे वकील हसतमुख होते.

“वाद कशाला वाढवायचा? आम्ही मोठ्या मनाने ठरवलंय. प्रत्येक पंख्यावर यांचं नाव कोरू. तुम्ही दावा मागे घ्या, मिटलं.”

त्यांनी मखमलीत गुंडाळलेलं एक पातं टेबलावर ठेवलं. त्यावर पंखेवाल्याचं नाव होतं, आडनावासकट, अगदी रेखीव. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. बाईंकडे बघायची त्याला हिंमत होईना.

वकीलबाईंनी पातं उचललं, उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“हे मी ठेवून घेऊ?”

“अर्थात! तुमचंच आहे.”

बाईंनी ते मखमलीसकट पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन लावली.

“काका, आता बोला. हे नाव तुम्ही कुणाकडे मागितलं होतं?”

“कुणाकडे म्हणजे? कुणाकडेच नाही!” तो उसळून म्हणाला. मग त्याने बाईंकडे पाहिलं आणि त्याचा राग कुठच्या कुठे पळाला.

“मीही मागितलं नव्हतं,” बाई कंपनीच्या वकिलांना म्हणाल्या. “मी ते फक्त एका मेलमध्ये लिहिलं होतं, साहेब. तुमच्याकडे सांभाळायला दिलेल्या.”