दुपारचं घर

बेदाण्याच्या पेट्या घेऊन निघालेला ट्रक सांगोल्याच्या अलीकडे आपोआप मंद झाला आणि चिंचेच्या सावलीत जाऊन थांबला. वीस मिनिटांनी चालकाचा डोळा लागणार, हे ट्रकनं ओळखलं होतं. बाबालाल मुजावरला त्याची सवय होती. त्यानं सीट मागं केली, तेवढ्यात कंपनीतून, गाड्यांच्या पाळ्या लावणाऱ्या वत्सलाताईंचा फोन आला.

"बाबालालभाई, ऑफिसातलं यंत्र म्हणतंय, महिनाभरात तुम्ही नोकरी सोडणार."

तो दचकला. हे त्यानं अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"का सोडणार, तेही सांगितलं असेल की यंत्रानं."

"ते त्याला कळत नाही. गेल्या साली एकाचं नाव असंच आलं होतं. मी विचारलं नाही आणि तो सोडून गेला. म्हणून विचारते."

बाहेर रस्त्यावर ऊन पाण्यासारखं हलत होतं. बाबालालनं सीट पुन्हा सरळ केली.

"ताई, एकोणीस वर्षं झाली गाडीवर. माझ्या घरात दुपार कशी असते, तेच मला ठाऊक नाही."

वत्सलाताईंनी त्याचा बुधवार मोकळा ठेवला, आणि त्यापुढचेही सगळे बुधवार.

त्या बुधवारी दुपारी तो घरात नुसता पडून राहिला. पत्र्याच्या फटीतून आलेला कवडसा भिंतीवरून सरकत सरकत शेवया करणाऱ्या बायकोच्या, शमीमच्या हातांवर आला. तिचे हात इतके भराभर चालतात, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"पुढच्या बुधवारीही असणार का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"असणार," तो म्हणाला. नोकरी सोडायचं आपण नक्की कधी ठरवलं होतं, ते त्याला आठवेना.