चार इंची भिंत

दुकानदाराने काचेवर दोन बंदुका ठेवल्या. "घराच्या राखणीला ही आखूड घ्या, मानसिंगराव. हिला पिस्तुलाची गोळी लागते, ती भिंतीत अडकते. या लांब रायफलची गोळी चोरातून निघून भिंतही पार करते."

"विटेची, चार इंची?"

"चार इंची म्हणजे पुठ्ठाच की. पलीकडे कोण राहतं?"

"थोरला भाऊ."

वाटणीच्या वेळी दोघांपैकी कुणी बोटभर जागा सोडेना, म्हणून मधली भिंत अर्ध्या विटेचीच उभी राहिली होती. तिला टेकून थोरल्याची खाट होती. त्याचा खोकला रोज ऐकू यायचा. चोरावर झाडलेली गोळी चुकून पलीकडे गेली, तर कोण काय म्हणणार? मानसिंगने रायफलवरून मायेने हात फिरवला. "हीच द्या."

दुकानदार हसला. "दोघं भाऊ एका वळणाचे. गेल्याच महिन्यात थोरले आले होते. त्यांनीही आधी भिंतीचंच विचारलं."

मानसिंगचा हात थांबला. "काय नेलं त्यांनी?"

"हीच की."

भिंतीच्या अलीकडे, तिला अगदी खेटून, तान्ह्या लेकीचा पाळणा त्याने स्वतःच टांगला होता. तिचं रडणंही पलीकडे रोज ऐकू जातच असणार.