स्पष्टवक्ता

"तुमच्या वकीलबाई निवडून आल्या, तर नळाला पाण्याऐवजी भाषणं येतील," असं लिहून तिनं फोन पिठाच्या डब्यामागे सरकवला.

आतून लगेच आरोळी आली. "आला! परत कडमडला हा स्पष्टवक्ता! अगं, माझा चष्मा कुठाय?"

"डोक्यावर!" ती म्हणाली आणि तोंड दाबून हसली.

थोरला मुलगा अपघातात गेला आणि बस ड्रायव्हर असलेल्या तिच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा, जेवण ताटात तसंच. तिचं एक बरं होतं, तिला कामं होती. घरात बोलायला कुणी नव्हतं, तेही एका परीनं बरंच होतं.

मग प्रभागाची निवडणूक लागली. तो पडल्या पडल्या फेसबुकवर वकीलबाईंच्या बाजूनं काहीबाही लिहू लागला. लेकीनं आईला फोन केला. "बाबांना कुणीतरी डिवचायला हवं गं. मी तुला खोट्या नावाचं अकाउंट काढून देते. तू वकीलबाईंच्या विरोधात उभ्या असलेल्या त्या ठेकेदाराच्या बाजूनं भांड. बाबांसाठी कर."

ठेकेदार तिला डोळ्यांसमोर नको असायचा. पण नवऱ्यासाठी तिनं त्याचीही तळी उचलली. त्यापायी ती पेपर वाचू लागली, तुंबलेल्या गटारांची खबर काढायला शेजारणींकडे जाऊ लागली. तो लिहायचा, "खड्डे मला शिकवू नका, मी तीस वर्षं बस चालवलीय." ती ठोकून द्यायची, "म्हणूनच पडले!" मग तो ताडकन उठून बसायचा आणि रागाच्या भरात दोन घास जास्त खायचा. तिचा जीव भांड्यात पडायचा.

निकाल लागला. वकीलबाई जिंकल्या.

भांडण मिटलं, आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार. तिनं घाईघाईनं लिहिलं, "बघू, पाच वर्षांत काय दिवे लावतात ते!"

आरोळी आली नाही. ती घाबरून खोलीच्या दारापाशी गेली.

तो खिडकीशी पाठमोरा उभा होता, फोनवर लेकीशी हलक्या आवाजात बोलत होता.

"जिंकलो गं, पण आता तुझ्या आईचं कसं? दादा गेल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिला भांडायला काहीतरी नवं शोध. आणि या वेळीही 'बाबांसाठी कर' असंच सांग. स्वतःसाठी ती बोटसुद्धा हलवायची नाही."