तुला फसवून कुठे जाऊ?

एक हिरवा दोर. तीस वर्षांची दोस्ती. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची म्हणावी अशी होडी.

मॉलमधली विक्रेती होडीवाल्याला म्हणाली, "काका, हा दोर नांगराला नका घेऊ. ताण पडला की तुटतो. तो महागातला घ्या." ही पोरगी आपल्याला गंडवतेय, असं वाटून तो थेट दोस्ताच्या दुकानात गेला. दोस्ताने तसाच हिरवा दोर काढून दिला. "बिनधास्त बांध. तुला फसवून कुठे जाऊ मी?"

पहिल्याच वादळात दोर तुटला आणि होडी खडकावर फुटली. दोस्त धावत आला, गळ्यात पडून रडला. "नशिबापुढे कुणाचं चालतं का रे!"



दोस्ताने तो दोर त्याच मॉलमधून आणला होता, विक्रेतीने हटकलं तेव्हा म्हणाला होता, "कपडे वाळत घालायला हवाय."